मामाचा हात आणि सहाशेची लेन्स

पत्रात ‘हात’ चार वेळा आला होता. मी मोजलं. एका परिच्छेदाच्या पत्रात चार वेळा! छायाचित्रकाराच्या हाताच्या कंपामुळे पहाटेची छायाचित्रे अस्पष्ट येत आहेत. हाताची स्थिती सुधारण्याची शक्यता दिसत नाही. तरी येत्या एक तारखेपासून मनोऱ्यावरील काम दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवण्यात येईल. आपण कार्यालयात बसून, हाताला झेपेल असे, जुन्या छायाचित्रांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करावे व हाताला आराम द्यावा.

“चिठ्ठ्या काय पायानं चिकटवतात का?” मी म्हटलं.

मामा माझ्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानातल्या त्याच्या ठरलेल्या स्टुलावर बसला होता आणि समोरच्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे बघत होता, जणू पत्र त्या माणसाला आलं होतं. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. अर्धा कप. गेली दोन वर्षं मी त्याला अर्धाच कप देते, म्हणजे उचलताना सांडत नाही आणि त्याला ओशाळं वाटत नाही. आई पण तसंच करते. आमच्या घरात हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही, आपोआप सुरू झालं.

मामाचा हात थरथरतो, हे खरं आहे. कप उचलताना, चमचा धरताना, सही करताना. टेबलावर टेकवून ठेवला की गप्प बसतो, उचलला की पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या हाताचा आणि फोटोचा संबंध काय? हा प्रश्न त्या कार्यालयात एकालाही पडला नाही, आणि त्यामुळेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मामा एकोणीस वर्षं तळ्याकाठच्या पक्षी केंद्रात काम करतो. तिथे करकोचे येतात. पिल्लू असतानाच प्रत्येकाच्या पायात एक कडं घालतात आणि त्यावर चार आकडे असतात. पुढच्या वर्षी तोच करकोचा परत आला का, कुणाबरोबर आला, किती जगला, हे सगळं त्या चार आकड्यांवरून कळतं. फक्त ते आकडे वाचायचे असतात पाव किलोमीटरवरून. त्यासाठी मनोऱ्यावर सहाशे मिलिमीटरची लेन्स लावलेली आहे, माझ्या दंडापेक्षा जाड आणि हाताएवढी लांब. करकोचे उथळ पाण्यात शांत उभे राहतात ते फक्त पहाटे. ऊन चढलं की उडून जातात, नाहीतर गवतात शिरतात आणि पाय दिसेनासे होतात. म्हणजे फोटो काढायचे अंधुक उजेडात, आणि अंधुक उजेडात शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ उघडं ठेवावं लागतं. ऐकायला हा वेळ काहीच नाही. सहाशेच्या लेन्सला तो पुरेसा असतो. तेवढ्यात लेन्स केसाएवढी हलली तरी तिकडे तळ्यात करकोच्याचा पाय वीतभर सरकतो आणि तीनाचा आठ होतो.

म्हणून तर ती लेन्स कुणी हातात धरत नाही! ती ट्रायपॉडवर असते. शटरचं बटण लांब तारेच्या टोकाला असतं. केंद्राच्या साहेबांच्याच हुकमानं मामा गेले दोन महिने लेन्सला बोटसुद्धा लावत नाही, तारेचं बटण दाबतो आणि दुसरा हात खिशात ठेवतो. लेन्स ट्रायपॉडवर, बटण तारेवर, हात खिशात. आणि खापर फुटलं कुणावर, तर खिशातल्या हातावर.

“तू विचारलं नाहीस त्यांना, हात तारेतून चालत जातो का म्हणून?”

“विचारून काय होणार?” मामा म्हणाला. “त्यांना दिसतंय ना, थरथरतोय.”

“मी येते उद्या.”

“नको गं, ठिणगे.” मला तो लहानपणापासून ठिणगी म्हणतो. “होऊ दे काय व्हायचं ते.”

हे ‘होऊ दे’ मला अजिबात सहन होत नाही. मामानं आयुष्यात कशालाच ‘होऊ दे’ म्हटलेलं नाही. मला पहिला कॅमेरा उघडायला त्यानंच शिकवलं, तेव्हा एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, तर या माणसानं कपाट रिकामं करून सरकवलं होतं. तो आता चिठ्ठ्या चिकटवायला तयार होता. मला रडू आलं नाही, संताप आला. मला बहुतेक वेळा संतापच येतो.

रात्री आई म्हणाली, “जा, पण तोंड सांभाळ.” मी हो म्हटलं. आईलाही माहीत होतं की हे जमणार नाही.

तपासायचं काय, ते माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. लांब लेन्स ट्रायपॉडवर असूनही फोटो हलत असेल, तर कारणं ठरलेली असतात. जमीन हलते, वारा लागतो, ट्रायपॉडचा मधला दांडा उगाच वर काढलेला असतो, लेन्समधली कंप थांबवणारी मोटर चालूच राहिलेली असते आणि ट्रायपॉडवर ती उलट स्वतःच हलवत बसते, किंवा कॅमेऱ्यातला आरसा वर उडताना धक्का देतो. लेन्सचा दोष असण्याचा प्रश्नच नव्हता. तीन महिन्यांपूर्वी मीच ती उघडून, साफ करून, सगळे स्क्रू आवळून परत दिली होती. केंद्राचं सगळं सामान वर्षातून एकदा माझ्याकडेच येतं. माझ्या दुकानातून गेलेली वस्तू तपासायची असते, असं माझ्या मनातही आलं नाही.

पहाटे आम्ही मनोऱ्याच्या एकतीस पायऱ्या चढलो. वर लाकडी फळ्यांची खोली, तळ्याच्या बाजूला लांबट उघडी खिडकी, खिडकीपाशी ट्रायपॉड आणि त्यावर कापड घातलेली लेन्स. कोपऱ्यात मामाच्या नोंदवह्या, एकोणीस वर्षांच्या एकोणीस. पहिल्या काही वह्यांतलं अक्षर छापल्यासारखं आहे. अलीकडच्या वह्यांत आकडे वाकडे होत गेलेत, पण चूक एकही नाही.

केंद्राचे साहेब आधीच येऊन थांबले होते. मनातल्या मनात मी त्यांना पॉलिश म्हणते, कारण चिखलाच्या तळ्याकाठी राहूनही त्यांचे बूट आरशासारखे असतात. माणूस उद्धट नाही. उद्धट असता तर बरं झालं असतं.

“काका, तुम्ही बसा ना खुर्चीवर,” ते मामाला म्हणाले. “ताई, तुमची भावना मी समजू शकतो. पण वय कुणाला चुकलंय? आम्ही काकांना काढत नाही आहोत. फक्त त्यांना त्रास होऊ नये म्हणून…”

“त्यांना त्रास कशाचा होतो ते तुम्ही विचारलंत का?”

“आता दिसतंच ना.”

“तुम्हाला फोटोत दिसतं का हाताचं बोट?” मी म्हटलं. “कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. बटण दोन हात लांब तारेवर आहे. तारेत चक्क सैल वेटोळं आहे. या तारेतून हाताचा कंप कॅमेऱ्यापर्यंत गेला असेल, तर मी आजपासून दुकान बंद करून केळी विकते.”

साहेब हसले. समजूतदार हसू. बोलताना ते खोलीत येरझारा घालत होते, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत, टाचा वाजवत. तेवढ्यात चहावाल्या मावशी वर आल्या आणि त्यांनी पाण्याचं भांडं फळीवर टेकवलं. माझं लक्ष भांड्याकडे गेलं. पाण्यावर कड्या उमटत होत्या. साहेबांचं पाऊल पडलं की कडी, पाऊल पडलं की कडी.

मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

“साहेब, थांबा! तिथंच थांबा, पाय उचलू नका. मावशी, भांडं हलवू नका. मामा, बघ इकडे. साहेब, आता चाला दारापर्यंत. बघितलंत? फळ्या सगळ्या एकाच तुळईवर आहेत. तुम्ही चाललात की जमीन हलते, जमीन हलली की ट्रायपॉड हलतो. तुम्ही रोज पहाटे इथे येता ना, फोटो हलतात का ते बघायला? तुम्हीच हलवता ते! स्वतःच्या टाचांनी! आणि पत्र कुणाला, तर या माणसाला!”

मावशींनी पदर तोंडाला लावला. साहेबांचा चेहरा उतरला आणि मला फार बरं वाटलं.

“बूट काढा,” मी म्हटलं.

आणि त्यांनी खरंच काढले. मोज्यांवर भिंतीला टेकून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आम्ही सगळे स्तब्ध झालो. मी कापड काढलं, मामानं करकोचा नेमका चौकटीत आणला आणि तारेचं बटण दाबलं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला.

हललेला होता. कड्यावर चारऐवजी आठ आकडे असावेत, तशी प्रत्येक रेघ दुहेरी होती.

“कदाचित कुणी श्वास घेतला असेल,” साहेब म्हणाले. हे त्यांनी खोचक म्हणून म्हटलं की खरंच तसं वाटून, मला अजूनही माहीत नाही.

मग मी एकेक करत गेले. मधला दांडा खाली होता, मामाचा तो नेहमी खालीच असतो. ट्रायपॉडचे पाय पुरते पसरलेले, एक पाय लेन्सच्या दिशेनं. कंप थांबवणारी मोटर बंद. ट्रायपॉडच्या हुकाला वजनासाठी लटकवलेली वाळूची पिशवी वाऱ्यानं झुलू नये म्हणून मामानं ती जमिनीला अर्धवट टेकवलेली होती. आरसा आधी वर करून, पाच सेकंद थांबून फोटो काढला. हललेला. वाऱ्यासाठी खिडकीच्या डाव्या बाजूला मावशींची शाल लावली. किंचित कमी हलला, पण हललाच. मामानं सगळं बरोबर केलेलं होतं. नेमकं तेच भयंकर होतं, कारण सगळं बरोबर असूनही फोटो हलत होता आणि खोलीत दोष द्यायला फक्त एकच गोष्ट शिल्लक राहिली होती. ती मामाच्या खिशात होती.

“ताई,” साहेब हळूच म्हणाले, “मला वाईट वाटतंय.” मग त्यांचा फोन वाजला. बूट हातात घेऊन ते खाली गेले आणि मावशीही त्यांच्या मागे.

मी पडद्यावरचं चित्र दहापट मोठं केलं आणि चिडून लेन्सच्या टोकावर नखानं टिचकी मारली. करकोचा उडी मारल्यासारखा वर गेला, खाली आला, वर गेला. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चार सेकंदांनी तो थांबला. एवढी जड लेन्स घट्ट बसलेली असेल तर एका सेकंदात थांबायला हवी. मी लेन्स दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली केली. ट्रायपॉड हलला नाही. ट्रायपॉडचं डोकं हललं नाही. लेन्स मात्र गादीवर बसल्यासारखी दबली आणि परत वर आली.

लेन्सच्या पोटाखाली एक धातूचा पाय असतो. त्या पायाला एक पट्टी दोन बारीक स्क्रूंनी लावलेली असते आणि ती पट्टी ट्रायपॉडमध्ये अडकते. पाय आणि पट्टी यांच्यामध्ये काहीही असता कामा नये. धातूवर धातू. कॅमेऱ्याचं काम करणाऱ्या कुणालाही हे पहिल्या महिन्यात कळतं.

मी खाली वाकून बघितलं. दोघांच्यामध्ये काळ्या रबराचा थर होता, दोन नाण्यांइतका जाड. कडा इतक्या सफाईनं कापलेल्या की बाहेरून कळू नये. अशी सफाई आमच्या गल्लीत एकाच माणसाच्या हातात आहे.

ते मीच लावलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, साफसफाईच्या शेवटी, पाच मिनिटांत. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, मामा लेन्सवर हात ठेवतो, त्याचा हात थरथरतो, तो कंप रबरात जिरेल. चांगलं जाड रबर निवडलं होतं मी. त्याला सांगितलं नाही, कारण त्याला वाईट वाटू नये. काम झाल्यावर मी स्वतःवर खूशही झाले होते.

माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. काल संध्याकाळपासून मी त्या कार्यालयाला, त्या पत्राला, त्या माणसाच्या बुटांना शिव्या घालत होते. हात बघितला आणि निकाल लावून मोकळे झाले म्हणून. त्यांनी आत्ता पत्रात जे लिहिलं, ते मी तीन महिन्यांपूर्वीच रबराचा तुकडा कापून सांगून टाकलं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी मान वर केली. मामा खिडकीतून तळ्याकडे बघत होता. तो जरा जास्तच लक्ष देऊन बघत होता.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“कधीपासून?”

“तू लेन्स परत दिलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. पूर्वी टिचकी मारली की टक् वाजायची. तुझ्याकडून आली ती धप् वाजायला लागली. मग खाली बघितलं.”

“मग काढलं का नाहीस?”

त्यानं हात खिशातून काढून माझ्यासमोर धरला. बोटं सगळी थरथरत होती. “ते मुंगीएवढे स्क्रू मी काढणार?”

“मग मला सांगायचं! एक फोन करायचा! अडीच महिने, मामा! अडीच महिने तू त्या माणसाचं ऐकून घेतलंस. लेन्सला हात लावू नका म्हणाला, तू हात खिशात घातलास. पत्र दिलं, तू घेतलंस. माझ्या चुकीसाठी! तुला काय हुतात्मा व्हायचं होतं? मी काय मागितलं होतं का तुझ्याकडे?”

“ओरडू नकोस, करकोचे उडतील.”

“उडू देत!”

“सांगायलाच आलो होतो,” मामा म्हणाला. “दोनदा आलो दुकानात. दोन्ही वेळा तू माझ्यासमोर अर्धा कप चहा ठेवलास.”

मला पटकन कळलं नाही. मग कळलं, आणि मी खाली फळ्यांकडे बघत राहिले.

“साहेब परका माणूस आहे,” तो म्हणाला. “त्याला हात दिसला, त्यानं हात लिहिला. त्याचा राग नाही आला मला. पण तू ही विद्या माझ्याकडून शिकलीस. मध्ये रबर घालायचं नसतं, हे तुला मीच सांगितलंय. तरी तू घातलंस, कारण तुला लेन्स दिसलीच नाही, तुला माझा हात दिसला. आणि काही बोललीसुद्धा नाहीस. आता ते काढ म्हणून मी काय सांगू तुला? माझा हात एवढाही वाईट नाही गं, असं हात जोडून सांगू?”

“म्हणून गप्प बसलास? एकोणीस वर्षांचं काम घालवायला निघालास, रुसून?”

“मग? राग काय तुझ्या एकटीच्याच नाकावर बसतो का?”

तो पहिल्यांदाच चिडून बोलला होता. त्याच्या कपाळावरची शीर उठून दिसत होती आणि मला एकदम बरं वाटलं, कारण काल दुकानात बसलेला ‘होऊ दे’वाला माणूस हा नव्हता. मग लगेच वाईटही वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मला ते काम फारसं येत नाही, म्हणून मी पिशवीतून स्क्रू काढायची ॲलन की बाहेर काढली.

दोन स्क्रू. रबर निघालं. लेन्सचा पाय आणि पट्टी मी माझ्या ओढणीनं पुसली, धातूवर धातू बसवला आणि स्क्रू आवळले. टिचकी मारली. टक्. पडद्यावर करकोचा एकदा दचकला आणि थांबला.

जिन्यावर पावलं वाजली. हलकी वाजली, म्हणजे मोजेच होते. साहेब येत होते. रबर माझ्या मुठीत होतं. खरं सांगते, त्या दहा-बारा पायऱ्यांच्या वेळात माझ्या मनात सगळं येऊन गेलं. स्क्रू ढिला होता म्हणावं, सापडला, आवळला, झालं. मामाचं पत्र रद्द होईल, दुकानाचं नाव राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. मामानं माझ्या मुठीकडे बघितलं आणि पुन्हा तळ्याकडे तोंड फिरवलं. त्यानं तर तेव्हाही सांगितलं नसतं.

“सापडलं का काही?” साहेबांनी विचारलं.

मी मूठ उघडली. “हे लेन्सखाली होतं. यानं फोटो हलत होते. हे मी लावलं होतं.”

“म्हणजे… यंत्राचा दोष?”

“यंत्र बिचारं काय करणार? माझा दोष. मगाशी तुम्हाला बूट काढायला लावले, तसे आता मी माझे काढायला हवेत. मामांचा हात थरथरतो म्हणून मी शहाणपणा केला. नंतर फोटो हलायला लागले. मग तुम्ही शहाणपणा केला आणि त्यांना लेन्सवर हात ठेवायला बंदी केली. त्यानं जास्तच हलायला लागले. आपण दोघांनी मिळून हे केलंय. त्यांनी काही केलेलं नाही.”

“पण हात ठेवायला बंदी केली ती कंप जाऊ नये म्हणून…”

“मामा,” मी म्हटलं, “हात ठेव.”

तो जागचा हलला नाही. दोन महिन्यांची सवय होती, किंवा अजून रुसवा होता. मी पुन्हा म्हटलं, “ठेव ना.” मग तो पुढे आला. उजेड वाढला होता, म्हणून शटर तेवढंच सावकाश राहील असं मी मुद्दाम ठेवलं, नाहीतर साहेब पुन्हा म्हणाले असते की हा तर उन्हाचा फोटो. शालही काढून टाकली. वारा येऊ दिला.

मामानं डावा हात लेन्सवर ठेवला, बरोबर पायाच्या वर, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. लेन्सपर्यंत जाईपर्यंत तो हात हवेत थरथरत होता. टेकला आणि थांबला. पडद्यावर वाऱ्यानं जो काही बारीक थरार उरला होता, तोही त्या हाताच्या वजनाखाली थांबला. साहेब पडद्यावर इतके वाकले होते की त्यांचं नाक लागलं असतं.

बटण दाबलं. मी फोटो मोठा केला. कडं, कड्यावरचा ओरखडा, ओरखड्याशेजारी चिकटलेलं शेवाळ.

“तीन, आठ, शून्य, तीन,” साहेबांनी वाचलं.

“ही मादी आहे,” मामा म्हणाला. “सहा वर्षांपूर्वी कडं घातलेलं. गेल्या वर्षी आली नव्हती. मला वाटलं, गेली.”

साहेबांनी वाकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाले, “पत्र मी मागे घेतो. वर कळवावं लागेल, कारण लिहावं लागेल.”

“मी लिहिते,” मी म्हटलं.

“‘जोडणीतील तांत्रिक अडचण’ असं लिहिलं तरी चालेल, ताई. तुमचं नाव घातलं, तर पुढे तुमच्याकडे सामान पाठवणं मला अवघड जाईल. इथेच नाही, बाकीच्या केंद्रांवरही ही नोंद जाते.”

ते चांगुलपणानंच म्हणत होते आणि पुन्हा मला राग आला. ‘हात’ चार वेळा लिहिताना यांची लेखणी अडली नव्हती. ‘तांत्रिक अडचण’ म्हणजे कुणीच नाही, आणि कुणीच नाही म्हटलं की लोक पुन्हा मामाच्या हाताकडेच बघणार, हे मला कळत होतं. मी कागद घेतला आणि सरळ लिहिलं: लेन्सच्या पायाखाली दुरुस्ती करणारीने चुकीने रबर बसवले. त्यामुळे छायाचित्रे हलली. छायाचित्रकाराच्या हाताचा यात काही संबंध नाही. खाली दुकानाचं नाव, माझी सही. रबराचा तुकडा कागदाला टाचणीनं टोचून दिला.

मामानं कागद वाचला. “आता जास्त मिजास नको करूस,” एवढंच म्हणाला. मग त्यानं यंदाची नोंदवही काढली आणि वाकड्या आकड्यांत तीन, आठ, शून्य, तीन लिहिलं. लिहायला त्याला वेळ लागला. मी वही ओढून घेतली नाही. एरवी घेतली असती.

मावशी किटली आणि कप घेऊन वर आल्या. साहेबांना दिला, मला दिला, आणि मामाच्या कपात अर्धा ओतून किटली सरळ केली. त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातातून किटली घेतली.

“मामा, कप पुढे कर.”

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कप पुढे केला. कप बशीवर वाजत होता. मी काठापर्यंत भरला. उचलताना बराचसा त्याच्या मनगटावर आणि फळ्यांवर सांडला, मावशी फडकं घ्यायला वाकल्या, आणि मी त्यांना म्हटलं, राहू द्या, पिऊ दे त्याला आधी.